नोम म्हणजे ग्रंथ, नोम म्हणजे धम्म

(धम्मवर्गासाठी पाठ : मंगोल भाषेचे पुनरुज्जीवन)



मागच्या वर्षावासात आमच्या विहारातील धम्मवर्ग संपता संपता एका आजींनी मला थांबविले. म्हणाल्या, "गुरुजी, पंचशिलात पाचही वेळा 'सिक्खापद' येतं. म्हणजे काय हो ते? चाळीस वर्षं म्हणतेय, पण कुणाला विचारायची लाज वाटायची." मागे बसलेली दोन-चार मुले हसली. मला हसू आले नाही. चाळीस वर्षे एखादा शब्द रोज तोंडी असूनही त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही, हा दोष त्या आजींचा नव्हे. आम्हा शिकलेल्यांचा आहे. मी सांगितले, "आजी, सिक्खापद म्हणजे आचरणाचा नियम, शिकण्याची पायरी." क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "म्हणजे मी रोज शिकायचं कबूल करते होय!"

आजींचा हा शब्द येथून हजारो मैल दूर, मंगोलिया देशातही बोलला जातो. पालीत ज्याला सिक्खापद म्हणतात त्याला संस्कृतात शिक्षापद म्हणतात. तोच शब्द मध्य आशियातून फिरत फिरत मंगोल भाषेत गेला आणि 'शागशाबाद' झाला. अर्थ तोच : शील, व्रत, आचरणाचा नियम. ही मंगोल भाषा, तिची लिपी आणि तिच्यातील धम्मग्रंथ एकदा जवळजवळ नष्ट करण्यात आले होते आणि त्या लोकांनी ते मोठ्या कष्टाने परत आणावयास घेतले आहेत. ही हकीकत आपण या पाठात पाहू. नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांनी ती जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण धम्म घरात टिकतो तो कशामुळे आणि जातो तो कशामुळे, याचे उत्तर तिच्यात सापडते.

१. देश, लोक आणि शब्द

मंगोलिया हा देश रशिया आणि चीन या दोन मोठ्या राष्ट्रांच्या मध्ये आहे. राजधानी उलानबातर. लोकवस्ती सुमारे ३५ लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. गवताळ माळराने, उत्तरेस अरण्ये, दक्षिणेस गोबीचे वाळवंट, आणि घोडे, मेंढ्या, शेळ्या, याक व उंट पाळून फिरणारे लोक. त्यांच्या गोल तंबूवजा घराला 'गेर' म्हणतात.

या लोकांची भाषा आपल्या भाषेच्या कुळातील नाही. तरीही तिच्यात आपल्या ओळखीचे कितीतरी शब्द आहेत. रत्नाला ते 'एर्देने' म्हणतात. उपासकाला 'उबाशी' आणि उपासिकेला 'उबासंजा'. भिक्षापात्रावरून 'बदर' हा शब्द आला. कल्पाचा 'गालव' झाला. शाळेच्या पुस्तकात बुध ग्रहाला 'बुद', शुक्राला 'सुगार' आणि मंगळाला 'अंगारग' म्हणतात. हे शब्द कोणी तलवारीच्या बळावर नेलेले नाहीत. ते धम्मग्रंथांबरोबर, भाषांतर करणाऱ्यांच्या हातून गेले.

यांतील एक शब्द विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे : 'नोम'. हा मूळचा ग्रीक भाषेतला. ग्रीकांकडे त्याचा अर्थ नियम, कायदा. तेथून तो सोग्द आणि उइगुर लोकांच्या भाषांतून मंगोल भाषेत आला. जुन्या बौद्ध ग्रंथांत 'नोम' म्हणजे धम्म. आजच्या बोलण्यात 'नोम' म्हणजे पुस्तक. ग्रंथालयाला ते 'नोमिन सान' म्हणतात, म्हणजे नोमचे भांडार. ग्रंथ आणि धम्म यांना एकच शब्द! 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला आदेश मानणाऱ्या समाजाला या शब्दाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

२. लिपी कशी आली

बाराव्या शतकापर्यंत मंगोल लोकांना लिहिण्याची कला नव्हती. १२०४ साली चंगीझखानाने नायमान लोकांचा पराभव केला. त्या राजाची मुद्रा सांभाळणारा ताता-तुंगा नावाचा उइगुर लेखनिक कैद झाला. चंगीझखानाने त्याला मारले नाही. आपल्या मुलांना अक्षरे शिकविण्यास नेमले. तीच उइगुर लिपी पुढे मंगोल लिपी झाली. ती वरून खाली लिहितात आणि ओळी डावीकडून उजवीकडे सरकत जातात. अक्षरे एका उभ्या दांड्याला धरून असतात. अक्षरांच्या निरनिराळ्या फटकाऱ्यांना शरीराच्या अवयवांची नावे आहेत : डोके, दात, पोट, शेपूट अशी. लेकराला शिकविताना ती सहज ध्यानात राहतात.

पुढेही निरनिराळ्या लिप्यांचे प्रयोग झाले. कुबलाईखानाच्या सांगण्यावरून तिबेटी भिक्षू फाग्स-पा यांनी केलेली चौकोनी लिपी १२६९ साली जाहीर झाली. ती तिबेटी लिपीवरून घेतली होती आणि तिबेटी लिपी ही आपल्या भारतीय लिपीची लेक आहे. १६४८ साली झाया पंडित यांनी पश्चिमेकडील मंगोलांसाठी 'स्पष्ट लिपी' तयार केली. १६८६ साली झानाबाझार या विद्वान भिक्षूने 'सोयोंबो' लिपी रचली. तिच्यातील पहिले चिन्ह आज मंगोलियाच्या राष्ट्रध्वजावर आहे. ज्या राष्ट्राच्या ध्वजावर लिपीचे चिन्ह आहे, त्याला अक्षराची किंमत कळते असे म्हणावयास हरकत नाही.

या उभ्या लिपीत धम्म लिहिला गेला. आचार्य शांतिदेवांच्या 'बोधिचर्यावतार' या भारतीय ग्रंथाचे मंगोल भाषांतर चौदाव्या शतकाच्या आरंभीच झाले. लिगदानखानाच्या काळी, १६२८-२९ साली, बुद्धवचनांचा प्रचंड संग्रह 'कंजूर' मंगोल भाषेत पूर्ण झाला. १७१७ ते १७२० या काळात तो बीजिंगमध्ये लाकडी ठशांवर छापला गेला. त्याचे १०८ खंड आहेत. पुढे १७४९ पर्यंत भाष्यग्रंथांचा संग्रह 'तंजूर' दोनशेहून अधिक खंडांत छापून झाला.

३. कळणारा धम्म आणि न कळणारा धम्म

इतके ग्रंथ मंगोल भाषेत असताना विहारात मात्र काय चालत होते? बहुतेक विहारांत पूजापाठ तिबेटी भाषेत चाले. भिक्षू तिबेटीत पाठ करीत आणि माळरानावरचा पशुपालक हात जोडून ऐके. त्याला त्यातले फारसे कळत नसे. कित्येक भिक्षूंनाही आपण काय म्हणतो ते नीट कळत नसे. शिवाय मोठ्या विहारांकडे जमीन होती, गुरेढोरे होती आणि त्यांच्यासाठी राबणारी माणसेही होती. अशा राबणाऱ्यांना 'शाबी' म्हणत. हा शब्द मूळचा 'शिष्य' या अर्थाचा. पण शिष्याच्या नावाखाली त्यांच्याकडून वेठीसारखे काम करून घेतले जाई. बौद्ध देश आहे म्हणून तेथले सर्वच काही आदर्श, असे समजणे बाबासाहेबांच्या शिकवणीला धरून होणार नाही. जेथे धम्म लोकांना कळत नाही, तेथे पुरोहितशाही डोके वर काढते, मग तिचे वस्त्र कोणत्याही रंगाचे असो.

याला अपवादही होते. उराद भागातील मेरगेन विहाराचे प्रमुख मेरगेन गेगेन (१७१७-१७६६) यांनी आपल्या विहारातील सर्व पाठ मंगोल भाषेत आणले. नुसते भाषांतर करून ते थांबले नाहीत. म्हणण्याच्या चाली बसविल्या, लय बसविली. त्यांची परंपरा आजही आहे.

येथे विनयपिटकातील एक प्रसंग आठवावा. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भाऊ भिक्षू झाले होते. ते भगवंतांकडे तक्रार घेऊन आले की, निरनिराळ्या कुळांचे व जातींचे भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगून ते बिघडवीत आहेत. तेव्हा ते छंदोबद्ध भाषेत बसवावे. भगवंतांनी त्यांना दोष दिला आणि बुद्धवचन स्वतःच्या भाषेतून शिकण्याची अनुज्ञा दिली. भाषा ठरविण्याचा मक्ता कोणा एका वर्गाकडे राहू नये, हा त्यातला अर्थ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील पालीत दिले, पण बावीस प्रतिज्ञा आपल्या मराठीत दिल्या. खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून आलेल्या आयाबायांना आपण काय सोडतो आहोत आणि काय स्वीकारतो आहोत, ते त्याच क्षणी कळावे म्हणून!

४. एका पिढीत धागा तुटला

१९२४ साली मंगोलियात लोकप्रजासत्ताक स्थापन झाले. त्याच्यावर सोव्हिएत रशियाचा मोठा प्रभाव होता. १९३७ ते १९३९ या काळात चोइबाल्सानच्या राजवटीत धर्मसंस्थेवर घाव घालण्यात आला. सातशेहून अधिक विहार पाडले किंवा बंद केले. हजारो भिक्षूंना ठार मारले, इतरांना तुरुंगात घातले किंवा चीवर उतरवावयास लावले. ग्रंथ जाळले गेले. शिकलेले लोक, लेखक, अधिकारी हेही त्या वरवंट्याखाली सापडले. वेठीची पद्धत मोडणे न्याय्य होते; परंतु माणसे मारणे आणि ग्रंथ जाळणे यांना न्याय म्हणता येत नाही.

त्यानंतर लिपीची पाळी आली. १९४१ च्या फेब्रुवारीत रोमन लिपी घेण्याचे ठरले. मार्चमध्ये तो निर्णय फिरवून रशियन लोकांची सिरिलिक लिपी घेण्याचे ठरले. १९४६ च्या १ जानेवारीपासून सर्व सरकारी कारभार सिरिलिकमध्ये सुरू झाला. रशियन अक्षरांत मंगोल उच्चारांसाठी दोन अक्षरे वाढवून ३५ अक्षरांची वर्णमाला झाली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदली पाहिजे. सिरिलिक लिपी बोलण्याच्या उच्चाराला जवळची होती आणि शिकावयास सोपी होती. शाळा वाढल्या, पशुपालकांची मुले-मुली लिहू-वाचू लागली. पूर्वी मूठभरांच्या हाती असलेले अक्षर सर्वांच्या हाती आले. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पाटीला हात लावू दिला नाही, त्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट लहान मानू नये.

परंतु त्याबरोबर दुसरेही घडले. आजोबांनी लिहिलेले पत्र नातवाला वाचता येईना. सात शतकांचे ग्रंथ घरात असूनही ते मुके झाले. भाषा बोलली जात होती, पण तिचा भूतकाळ वाचण्याचे डोळे गेले. पुस्तक जाळले तर ते एकदाच जाते. लिपी विसरली की उरलेली सगळी पुस्तकेही गेल्यासारखीच.

५. वाळूखालच्या पेट्या

गोबीच्या वाळवंटात खामार नावाचा विहार होता. तेथे दान्झानराव्जा (१८०३-१८५६) नावाचे कवी-भिक्षू होऊन गेले. त्यांनी मंगोल आणि तिबेटी अशा दोन्ही भाषांत काव्य लिहिले, नाटक बसविले, लेकरांसाठी शाळा काढली. त्यांच्या पश्चात त्यांचे ग्रंथ आणि वस्तू सांभाळण्याचे काम एका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते.

१९३८ साली विहार पाडण्याची वेळ आली, तेव्हा त्या घराण्यातील रक्षकाने रात्री-बेरात्री ६४ पेट्या वाळवंटात नेऊन पुरल्या. कोठे पुरल्या ते कागदावर लिहिले नाही. लिहिले असते तर सापडले असते. त्याने ती जागा पुढे आपल्या नातवाला दाखविली आणि त्याच्याकडून सर्व पाठ करून घेतले. राजवट बदलली, भय सरले, तेव्हा १९९० नंतर त्या नातवाने पेट्या उकरून काढल्या. आज साइनशांद गावी त्या वस्तूंचे संग्रहालय आहे.

मातांनो, पित्यांनो, या गोष्टीत सरकार नाही, संस्था नाही, निधी नाही. एक आजोबा आहे आणि ऐकणारा एक नातू आहे. सर्व मार्ग बंद झाले तेव्हा जे वाचले, ते घराने वाचविले.

६. परत आणणे किती कठीण

१९८९-९० च्या हिवाळ्यात उलानबातरच्या चौकात तरुण जमू लागले. उपोषणे झाली. गोळीबार न होता एकपक्षीय राजवट गेली आणि १९९२ साली नवे संविधान आले. विहार पुन्हा उघडले. राजधानीचा गंदन विहार १९४४ पासून सरकारी देखरेखीखाली नावापुरता चालू होता. तेथे आता लोकांची रीघ लागली. याच काळात, १९९० ते २०००, भारताचे राजदूत म्हणून लडाखचे भिक्षू कुशोक बकुला रिंपोचे तेथे होते. त्यांनी गावोगाव फिरून लोकांना धीर दिला, शीलाची आठवण दिली आणि १९९९ साली उलानबातरमध्ये पेथुब विहार उभारला.

गंदन विहारातील अवलोकितेश्वराची प्रचंड मूर्ती सोव्हिएत काळात काढून नेली होती. लोकांनी वर्गणी जमवून १९९६ साली सुमारे २६ मीटर उंचीची नवी मूर्ती उभी केली.

लिपीचे काम मात्र इतक्या लवकर झाले नाही. १९९१ साली तेथील संसदेने ठराव केला की, १९९४ पासून सर्व कारभार पुन्हा जुन्या लिपीत चालवावा. पहिलीच्या मुलांना ती लिपी शिकविण्यास सुरुवातही झाली. पण शिक्षकांनाच ती लिपी येत नव्हती. पुस्तके नव्हती. देश आर्थिक संकटात होता. घरी आईबापांना मुलांचा अभ्यास घेता येईना. अखेर १९९४ साली तो ठराव बाजूला ठेवावा लागला आणि सिरिलिक चालू राहिली. ठराव करणे सोपे, पण ज्या घरात ती अक्षरे कोणालाच येत नाहीत त्या घरात ती ठरावाने येत नाहीत, हा धडा त्या राष्ट्राला मिळाला.

त्यांनी हात टेकले नाहीत. घाई सोडली आणि टप्पे आखले. १९९५ पासून लिपीसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०११ च्या जुलैपासून जन्माचे, विवाहाचे, शिक्षणाचे दाखले दोन्ही लिप्यांत देण्याची व्यवस्था करण्यात आली. २०१५ साली मंगोल भाषेचा कायदा झाला आणि त्यात दहा वर्षांची मुदत ठेवून सांगितले की, १ जानेवारी २०२५ पासून सरकारी कारभारात दोन्ही लिप्या वापराव्यात. ती तारीख आली आणि दोन्ही लिप्यांचा कारभार सुरू झाला आहे. रोजच्या व्यवहारात आजही सिरिलिकच अधिक चालते. तरी जुनी अक्षरे आता शाळेत शिकविली जातात, दाखल्यावर दिसतात, संगणकावर लिहिता येतात.

म्हणजे पाहा : मूर्ती उभी करावयास काही वर्षे लागली, अक्षरे परत आणावयास तीस वर्षांहून अधिक काळ गेला आणि काम अजून पुरे झालेले नाही. आपल्या वस्त्यांतून पुतळ्यासाठी जितक्या उत्साहाने वर्गणी निघते, तितक्या उत्साहाने वाचनवर्गासाठी निघते काय, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

या कामात भारताचाही वाटा आहे. दिल्लीचे डॉ. लोकेश चंद्र यांनी १९७० नंतरच्या दशकात मंगोल कंजूरचे १०८ खंड पुन्हा छापून काढले. ज्या काळी मंगोलियात तो ग्रंथ मोकळेपणी छापता येत नव्हता, त्या काळी तो बुद्धाच्या मायभूमीत छापला गेला. पुढे राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने हे खंड पुन्हा छापावयास घेतले आणि पहिले पाच खंड ४ जुलै २०२० रोजी प्रसिद्ध झाले.

७. नावे, सण, वाद्ये

भाषेबरोबर इतर गोष्टीही परत आल्या. १९२५ साली कुळाची नावे वापरण्यास बंदी झाली होती. हेतू सरदार-घराण्यांचा मोठेपणा मोडण्याचा होता. सत्तर वर्षांनी नावे परत घेण्याची मुभा मिळाली, तेव्हा बहुतेकांना आपल्या कुळाचे नावच आठवेना. कित्येकांनी चंगीझखानाच्या कुळाचे 'बोर्जिगिन' हे नाव लावले. पण १९८१ साली अंतराळात गेलेले पहिले मंगोल गुर्राग्चा यांनी काय केले? त्यांनी राजाचे कूळ घेतले नाही. त्यांनी 'सान्सार' हे नाव घेतले. हा आपला 'संसार' शब्द. मंगोल भाषेत आज त्याचा अर्थ अंतराळ असाही होतो. त्यांनी जन्माचे कूळ शोधण्याऐवजी आपल्या कर्तृत्वाचे नाव लावले. जातीची खूण सांगणारी नावे टाकून लेकरांची नावे सिद्धार्थ, सुजाता, राहुल अशी ठेवणाऱ्या आपल्या समाजाला त्यांचे मन चटकन कळेल.

'त्सागान सार', म्हणजे पांढरा महिना, हा त्यांचा वर्षारंभाचा सण. जुन्या राजवटीत तो पशुपालक सहकाराचा दिवस म्हणून साजरा करावा लागे. आता तो पुन्हा आपल्या नावाने होतो. लहान माणसे मोठ्यांच्या हातांना खालून आधार देऊन वंदन करतात. घोड्याचे डोके कोरलेले दोन तारांचे 'मोरिन खूर' वाद्य आणि 'उर्तिन दू' हे लांब सुरांचे गाणे युनेस्कोने जगाच्या वारशात नोंदविले आहे. मंगोल सुलेखनाची नोंद २०१३ साली झाली, ती मात्र तातडीने वाचविण्याच्या यादीत. कारण ती कला शिकविणारे अगदी थोडे उरले होते.

या परत आलेल्या गोष्टींत सर्वच स्वीकारण्याजोगे आहे असे नाही. त्यांच्याबरोबर ज्योतिष आणि अंगात येण्याचे प्रकारही परतले. जुने म्हणून ते सोने, हा न्याय बुद्धाने कधी मान्य केला नाही. भाषा, लिपी, गाणे, ग्रंथ हे माणसाला मोठे करतात, ते ठेवावेत. जे माणसाला भित्रे आणि परावलंबी करते, ते आपल्या पूर्वजांचे असले तरी सोडावे.

८. सीमेपलीकडचे मंगोल

मंगोल लोक चीनच्या अंतर्गत मंगोलिया प्रांतातही राहतात. तेथे त्यांची संख्या ४० लाखांहून अधिक, म्हणजे मंगोलिया देशाच्या लोकवस्तीपेक्षा जास्त आहे. तेथे ती उभी लिपी कधी बंद झाली नाही. चीनच्या नोटांवरही ती आहे. परंतु २०२० च्या सप्टेंबरात भाषा-साहित्य, नीती-राज्यशास्त्र आणि इतिहास हे विषय शाळेत मंगोलऐवजी चिनी भाषेत शिकविण्याचे धोरण आले. आईबापांनी मुलांना शाळेत पाठविण्याचे थांबविले, निषेध झाला; पण धोरण फिरले नाही.

दोन्हीकडचे चित्र शेजारी ठेवून पाहा. एकीकडे भाषा राहिली आणि लिपी गेली. दुसरीकडे लिपी राहिली आणि वर्गातली भाषा चालली. नुसती अक्षरे पाटीवर असून चालत नाही, नुसती बोली तोंडी असूनही चालत नाही. घर, शाळा आणि ग्रंथ या तिन्ही ठिकाणी जी भाषा आहे, तीच टिकते.

९. आपण काय घ्यावे

आपल्यावर कोणी लिपी बंद करण्याचा हुकूम काढलेला नाही. तरीही आपल्या घरांत काय दिसते? 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ कापडात बांधून प्रतिमेजवळ ठेवलेला असतो. १४ एप्रिलला त्यावर फूल वाहतात. आजीला वाचता येत नाही, वडिलांना सवड नाही, आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवाला मराठी जोडाक्षरे लागत नाहीत. एकाच घरात ग्रंथ आहे, माणसे आहेत, आणि ग्रंथ मुका आहे. मुलांनी इंग्रजी अवश्य शिकावी. बाबासाहेबांनी हा ग्रंथ इंग्रजीतच लिहिला. पण आजीशी धम्म बोलता येईल इतकी मराठी आणि वंदनेचा अर्थ सांगता येईल इतकी पाली त्यांना आली पाहिजे. नाहीतर मंगोल पशुपालकाप्रमाणे आपणही हात जोडून ऐकत राहू आणि सांगणारे दुसरेच कोणी होतील.

यासाठी मोठा निधी लागत नाही. रोज संध्याकाळी वंदना झाल्यावर एकाच पाली शब्दाचा अर्थ घरातील एकाने सर्वांना सांगावा. आठवड्यातून एकदा ग्रंथाचे एक पान मुलाने किंवा मुलीने मोठ्याने वाचावे आणि आजी-आजोबांनी प्रश्न विचारावेत. ज्या वडीलधाऱ्यांनी दीक्षेचे दिवस पाहिले किंवा आपल्या आईबापांकडून ऐकले, त्यांच्या आठवणी मुलांनी वहीत उतरून घ्याव्यात. त्या आपल्या वाळूखालच्या पेट्या आहेत आणि जागा दाखविणारी माणसे एकेक करून जात आहेत.

आमच्या वर्गातील त्या आजी आता दर रविवारी एक शब्द विचारतात. मागे हसणाऱ्या मुलांपैकी एक मुलगी घरून अर्थ पाहून येते आणि उभी राहून सांगते. 'सिक्खापद'पासून सुरुवात झाली. 'वेरमणी' झाला, 'समादियामि' झाला. पुढच्या रविवारी 'सरण' आहे.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१) 'नोम' या शब्दाचे दोन अर्थ कोणते? ते एका शब्दात का आले असावेत?
२) सिरिलिक लिपीमुळे मंगोल लोकांचा काय लाभ झाला आणि काय हानी झाली?
३) १९९१ चा ठराव १९९४ साली का बाजूला ठेवावा लागला? त्यात घराचा भाग कोणता होता?
४) आपल्या घरात वंदना म्हणताना ज्यांचा अर्थ माहीत नाही असे पाच शब्द लिहून काढा. ते कोण शोधून सांगणार, हेही ठरवा.

जयभीम! नमो बुद्धाय!